आक्काची पाटी

१

दोन चाकांवर तोल सांभाळायला शिकवणाऱ्या माणसाला लोक मास्तर नाही म्हणणार तर काय म्हणणार? आमचे मास्तर अकरा वर्षं तेच करत होते. सकाळी मोकळ्या मैदानावर लाल शंकू मांडायचे आणि कधी बँकेतल्या बाई, कधी निवृत्त आजोबा, अशांना "समोर बघा, चाकाकडे बघू नका" म्हणत आठच्या आकड्यात फिरवायचे. दुपारी रेसिंग टीमच्या वर्कशॉपमध्ये जाऊन टीमच्या सव्वीस वर्षांच्या रायडरच्या, म्हणजे धाकट्याच्या, गाडीचं नवं इंजिन रुळवून द्यायचं. स्वयंपाक यांनी करायचा आणि पाटावर बसायचं दुसऱ्याने, असा तो प्रकार. वय चौतीस. या खेळात चौतीस म्हणजे पिकलं पान.

मंगळवारी सकाळी फोन आला तेव्हा एक आजोबा आठच्या आकड्यात होते आणि मास्तरांच्या काखेत चार शंकू होते.

"मास्तर, धाकटा आजारी पडलाय," टीमचे मालक म्हणाले. "ताप उतरत नाही, डॉक्टरांना काही कळत नाही. शुक्रवारी सराव, रविवारी रेस. येताय?"

मास्तरांच्या काखेतले शंकू खाली पडले.

"ऐका नीट. पहिल्या तिघांत आलात, तर उरलेला सीझन गाडी तुमची. नाही आलात, तर तुम्ही तुमच्या मैदानावर आणि मी दुसऱ्याच्या शोधात. मला गोड बोलता येत नाही."

"मास्तर, थांबू का?" आजोबांनी तिकडून ओरडून विचारलं.

"थांबू नका! फिरा, फिरा!" मास्तर असे ओरडले, की आजोबांनी घाबरून आणखी सहा चकरा मारल्या. आणि खरं सांगायचं तर मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे त्या सहा चकरा त्यांनी पाहिल्याच नाहीत.

घरी बायकोला सांगताना त्यांनी खूप प्रस्तावना केली. जबाबदारी, वय, मुलीची शाळा वगैरे. बायको भांडी पुसत होती. ती म्हणाली, "मी काही विचारलंय का? बॅग काढ. नाहीतर म्हातारपणापर्यंत तोंड पाडून माझ्यासमोर बसशील, ते मला झेपायचं नाही."

मास्तर निघताना सहा वर्षांच्या मुलीने त्यांच्याकडून आपल्या नाकावर दोनदा टिचकी मारून घेतली. बाप-लेकीची ती जुनी खूण होती. बाप बाहेरगावी गेला की फोनच्या पडद्यावर आधी त्याने स्वतःच्या नाकावर टिचकी मारायची, मग तिने, आणि मग दोघांनी उगाचच हसायचं.

२

गॅरेज म्हणजे तीन भिंती, एक शटर आणि रबराचा वास. मधोमध स्टँडवर सत्तावीस नंबरची गाडी. तिच्यावर मास्तर बसले आणि मिस्त्री कामाला लागला. बदली रायडर आला की गाडी त्याच्या मापाची करावी लागते. मिस्त्रीने ब्रेकची मूठ खाली घेतली, पाय ठेवायचे खुंट मागे सरकवले, आणि धाकट्याच्या मापाचे सगळे आकडे एका कागदावर टिपून कागद भिंतीला चिकटवला.

"म्हणजे तो आला की परत लावता येईल," मिस्त्री म्हणाला. मग मास्तरांचा चेहरा बघून म्हणाला, "किंवा तुम्ही राहिलात तर फाडता येईल."

खुंटीवर धाकट्याचे हातमोजे लटकत होते. डाव्या मोज्याच्या मधल्या बोटावर दातांचे ठसे होते, कारण धाकटा मोजा दातांनी ओढून काढायचा. मास्तरांना ते कधी जमलं नसतं. त्यांचा पुढचा एक दात खोटा होता. जुन्या एका पडण्याची ती आठवण, आणि ती जपून वापरावी लागायची.

तेवढ्यात आक्का आली. धाकट्याची थोरली बहीण. ती त्याला धाकटा म्हणते म्हणून सगळी टीम त्याला धाकटा म्हणते. पंचेचाळिशीची, उंच, कमी बोलणारी. टीममध्ये तिचं काम एकच होतं, पाटी. ट्रॅकच्या कडेच्या बुटक्या भिंतीशी उभं राहायचं आणि आपली गाडी समोरून गेली की काळी पाटी बाहेर धरायची. पाटीवर तीन ओळी. कितवा नंबर, पुढचा किती सेकंद पुढे, मागचा किती सेकंद मागे. आकड्यांच्या पट्ट्या ती खाचेत सरकवायची, आणि वेळ मोजायची ती गळ्यातल्या जुन्या स्टॉपवॉचवर. टीमचा कॉम्प्युटर काय म्हणतो याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

"मास्तर, मागे वळून बघायचं नाही," ती म्हणाली. "मागचं मी बघते."

"आक्का, हा तर मी शिकवलेला धडा आहे," मास्तर हसून म्हणाले. आक्का हसली नाही. ती भिंतीवरचा तो कागद बघत होती.

३

शुक्रवारी सकाळी ट्रॅक दवाने ओला होता, म्हणून बाकीच्या टीम्सनी शटर अर्धंच उघडून चहा मारत बसणं पसंत केलं. मास्तरांना ती चैन परवडणारी नव्हती. त्यांना वळणं शिकायची होती. ते एकटे बाहेर पडले.

काय सांगू तुम्हाला त्यांचा आनंद! अकरा वर्षं दुसऱ्यासाठी रुळवलेली गाडी आज त्यांच्यासाठी ओरडत होती. पहिल्या वळणावर जीव मुठीत, दुसऱ्यावर थोडा सैल, आणि तिसऱ्यापर्यंत मास्तर हेल्मेटच्या आत चक्क गाणं म्हणत होते. सूर नव्हता, पण ऐकायला तरी कोण होतं?

चौथ्या फेरीला आक्काची पाटी बाहेर आली. मागे १.८.

कोणीतरी उतरलं वाटतं, मास्तर मनात म्हणाले, आणि ॲक्सिलरेटरची मूठ आणखी पिळली. पुढच्या फेरीला मागे १.६. त्याच्या पुढच्या फेरीला १.५. अरे वा, पोरगं तयारीचं दिसतंय! पाठलाग होतोय म्हटल्यावर मास्तरांच्या अंगात वारं संचारलं. वळणावर गुडघा जमिनीला घासला. पुलाखालून जाताना आपल्या इंजिनाच्या आवाजामागे दुसरा एक आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

परत आल्यावर हेल्मेट काढताच त्यांनी विचारलं, "मागे कोण होतं? झक्कास पळवत होता हो!"

मिस्त्री टायरवर झुकला होता. तो म्हणाला, "कोण असणार? अजून कुणी शटरसुद्धा पूर्ण उघडलेलं नाही."

"आणि पाटी?"

मिस्त्री खो खो हसत सुटला. "लागलात वाटतं तुम्हीही गळाला! अहो, ती आक्काची जुनी युक्ती. धाकटा एकटा असला की आळसावतो. मागे कोणी लागलं तरच पळतो. म्हणून ही बया मागे कोणी नसताना आकडा दाखवते. त्याला शेवटपर्यंत कळत नाही खरा कुठला अन् खोटा कुठला."

मास्तर आधी ओशाळले आणि मग मनापासून हसले. मास्तरांनाच कुणीतरी मास्तर भेटला होता. पुलाखालचा आवाज म्हणजे प्रतिध्वनी, दुसरं काय? बोगद्यासारख्या जागेत आवाज परत येणारच.

फक्त जेवताना त्यांना एक गोष्ट आठवली. तो आवाज पुलाच्या पुढेही आला होता. मोकळ्या रस्त्यावर, जिथे आवाज आपटायला भिंत नव्हती. पण त्यांनी वेग तपासला, तो इतका चांगला निघाला होता की मन लगेच तिकडे पळालं.

४

शनिवारी रेसमधली जागा ठरवणारा सराव झाला. मास्तर पाचवे आले. पाचवे! मालकांनी पाठीवर थाप मारली आणि थाप मारल्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. बायकोने फोनवर नुसतं "हं" म्हटलं, पण ते "हं" रडवेलं होतं.

दिवसभर पाटीवर मागे १.२, मागे १.१, मागे ०.९.

उत्साहाच्या भरात मास्तर टीमच्या ट्रकमधल्या मागच्या खोलीत आक्काला शोधत गेले. अरुंद खोली, दोन्ही बाजूंना सुट्या भागांचे कप्पे, शेवटी एक स्टूल. आक्का स्टुलावर बसून पट्ट्या पुसत होती.

"आक्का, मानलं तुम्हाला. पण उद्या खोटे आकडे नको हं. रेसमध्ये मला खरं कळायला हवं."

आक्काने पट्टी खाली ठेवली. "मास्तर, खोटे आकडे मी धाकट्याला द्यायचे. तुम्हाला एकही दिलेला नाही."

"म्हणजे?"

"माझी नजर घड्याळावर असते. तुम्ही समोरून गेलात की बटण दाबते. मागचा गेला की पुन्हा दाबते. कानाने. दहा वर्षं अशीच मोजतेय." तिने गळ्यातल्या घड्याळाला हात लावला. "आज शेवटच्या फेरीला मान वर करून बघितलं. आवाज समोरून गेला, बोटाने बटण दाबलं, आणि रस्ता रिकामा होता."

बाहेर कुणीतरी हवेच्या पाइपने धूळ उडवत होतं. तो आवाज बंद झाला.

"तो गिअर कसा टाकतो ते मला झोपेतही ओळखता येईल," आक्का म्हणाली. "वळणाच्या आधी दोन पटकन आणि तिसरा जरा उशिरा. तिकडे दवाखान्यात आई बसलीय त्याच्याजवळ. तो डोळे उघडत नाही, पण काल सकाळी आणि आज दुपारी त्याचं उजवं मनगट हलत होतं म्हणाली. मूठ पिळल्यासारखं. तुम्ही ट्रॅकवरून आलात आणि थांबलं."

मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. पण मास्तर शिकलेला माणूस. त्यांनी मनाला समजावलं. ही बाई चार रात्री झोपलेली नाही. भावाच्या काळजीने कान वाजतात. तापात माणसाचे हात हलतातच. बोलाफुलाला गाठ पडते. आणि समजा, समजा तसं नसलं, तर?

तर उद्या मालकांना सांगायचं, मी नाही बसत. मग परत शंकू, परत "समोर बघा, चाकाकडे बघू नका". आणि सत्तावीस नंबरच्या गाडीवर तिसराच कुणीतरी.

"उद्या पाटी नाही धरत मी," आक्का म्हणाली. "मिस्त्री धरेल."

इथे मास्तरांनी एक चूक केली. रेसच्या नादी लागलेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणी ती केली नसती. ते म्हणाले, "नाही आक्का, तुम्हीच धरा. आणि जो असेल तो आकडा दाखवा. त्या आकड्यानेच मी पाचवा आलोय."

आक्काने खाली ठेवलेली पट्टी उचलली. मग ती पुन्हा पट्ट्या पुसू लागली.

५

घोडामैदान जवळ आलं होतं. रविवारी दुपारी वीस फेऱ्या, ऊन लख्ख, रस्ता कोरडा. सुरुवातीच्या रेषेवरचे लाल दिवे विझले आणि चोवीस इंजिनं एकदम सुटली.

पहिल्या वळणावर मास्तर सहावे. चौथ्या फेरीला पुन्हा पाचवे. समोरच्याचं मागचं चाक इतकं जवळ, की त्याने फेकलेले रबराचे बारके तुकडे छातीवर टकटक वाजत होते. आणि मास्तर खूश होते हो! घाम डोळ्यांत, मनगटं ठणकताहेत, आणि माणूस खूश! पाटी : पाचवा, पुढे ०.३, मागे ०.८.

नवव्या फेरीला त्यांनी समोरच्याला आतल्या बाजूने गाठलं. चौथा. मागे ०.६. मागचा आवाज आता लपून राहिलेला नव्हता. वळणाच्या आधी दोन गिअर पटकन, तिसरा जरा उशिरा. मास्तर दात आवळून म्हणाले, "ये, ये! बघू किती येतोस!"

पंधराव्या फेरीला मागे ०.४. तिसऱ्या नंबरवरचा दमत चालला होता, प्रत्येक वळणावर हातभर बाहेर जात होता. अठराव्या फेरीला मास्तरांनी त्याला बाहेरून काढलं. बाहेरून! मिस्त्रीने म्हणे तेव्हा हातातला पाना उडवला आणि तो मालकांच्या पायावर पडला. तिसरा! सीझन समोर उभा होता. पाटी बाहेर आली. तिसरा. मागे ०.२.

शेवटची फेरी लागताना पाटीवर वरच्या दोन ओळी रिकाम्या होत्या. फक्त खाली ०.०. पाटीच्या वर आक्काचा चेहरा होता. ती घड्याळाकडे बघत नव्हती, मास्तरांकडेही नाही. त्यांच्या किंचित शेजारी बघत होती.

पुलाखाली आवाज घुमला. मास्तर गिअर उतरवायला पाय दाबणार, तर तो उतरल्याचा आवाज आधीच झाला. प्रतिध्वनी मागून येतो, हे पोरांनाही माहीत असतं. हा आधी आला होता.

शेवटचं वळण सुटलं आणि ऊन पाठीवर आलं. समोर डांबरावर मास्तरांची सावली पडली, गाडीची, वाकलेल्या पाठीची, हेल्मेटची. तिच्या डाव्या अंगाने दुसरं एक हेल्मेट हळूहळू बाहेर येत होतं. डावं कोपर बाहेर काढून बसणारा. धाकटा तसाच बसतो.

मूठ सैल केली असती तर? एका क्षणाचं काम होतं. तो निघून गेला असता, आणि त्याच्यामागोमाग चौथा, पाचवाही. मास्तरांनी मूठ पिळली. दोन्ही सावल्यांनी पिळली. रेषा आली तेव्हा डांबरावर एकच सावली होती.

६

मग नुसता कल्लोळ! मालकांनी मिठी मारली, मिस्त्रीने हेल्मेटचाच मुका घेतला. भिंतीवरचा तो मापांचा कागद उतरवायला मिस्त्री धावला. चौथा रायडर सहा सेकंद मागे होता, असं कुणीतरी वेळांचा तक्ता नाचवत ओरडत होतं. सहा सेकंद! म्हणजे शेवटच्या फेरीला मागे चिटपाखरू नव्हतं.

मास्तर थकले होते, म्हणून आधी लक्षात आलं नाही. मालकांचा हात हातात घ्यावा असं त्यांना वाटलं, तर तो घेऊन झालेला होता. "थँक यू साहेब" म्हणायला तोंड उघडणार, तर स्वतःचाच आवाज म्हणून मोकळा झाला होता. थकव्याने होतं असं. डोकं जड होतं, शरीर सवयीने चालतं. पाणी प्यायला हवं, त्यांनी ठरवलं. घसा आधीच ओला होता.

मिस्त्री कागद घेऊन परत आला. "मास्तर, हात द्या तुमचा! आता तुम्हीच फाडा!" तो म्हणाला, आणि मग गोंधळून भिंतीकडे बघत बसला. कारण कागद त्याच्या हातातून हसत हसत काढून घेतला गेला होता, आणि नीट, चारही कोपरे दाबून, परत भिंतीला चिकटवला गेला होता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. पडद्यावर ती आणि मुलगी, दोघींचे गाल एकमेकींना चिकटलेले. बायको सरळ रडत होती, लाजबीज सोडून. मास्तरांचं काळीज भरून आलं. त्यांनी नाकावर टिचकी मारायला बोट उचललं.

मुलगी आधीच हसत होती. पडद्याच्या कोपऱ्यात मास्तरांचा स्वतःचा छोटा चेहरा दिसत होता. त्याची टिचकी मारून झाली होती. मास्तरांचं बोट मागाहून नाकापाशी पोचलं आणि तिथे काही लागलं नाही.

"बाबा, मोजा काढ ना, मोजा घालून काय टिचकी मारतोस!" मुलगी म्हणाली.

डावा हात तोंडाकडे गेला. मधलं बोट दातांत धरलं गेलं, आणि एका झटक्यात मोजा निघाला. खोटा दात दुखायला हवा होता. दुखला असेल कदाचित. त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

७

गॅरेजमागच्या बोळात आक्का उभी होती. एका हातात पाटी, दुसऱ्या हातात फोन. आत्ताच बोलून झालेली दिसत होती.

"आईचा फोन होता," ती म्हणाली. "ताप उतरलाय. मनगट थांबलं. डोळे उघडे आहेत, पण हाका मारल्या तरी बघत नाही."

मास्तर काही बोलायच्या आत त्यांच्या तोंडून हसू बाहेर पडलं. सव्वीस वर्षांच्या, लाडावलेल्या पोराचं हसू. आक्काने डोळे मिटले. मग हात लांब करून तिने समोरच्या घामेजलेल्या केसांतून बोटं फिरवली.

"दमलास," ती म्हणाली. तीन दिवस ती मास्तरांना तुम्हीच म्हणत होती. "जा, मालक थांबलेत. फोटो काढायचाय."

पावलं निघाली. मास्तर ओरडले, पण आवाज आधीच पुढे गेला होता, मिस्त्रीला हाक मारत, काहीतरी चेष्टा करत. रेसिंगचा तो चामडी सूट पुढे चालला होता, पाठीवर सत्तावीस, डावं कोपर जरा बाहेर. त्याच्या मागोमाग मास्तर.

सूट आक्कासमोरून गेला. तिने सवयीने गळ्यातलं बटण दाबलं. टिक.

मग ती थांबून राहिली, मान खाली, कान देऊन. आणि पुन्हा टिक.

तिने घड्याळ बघितलं. खाचेत पट्ट्या सरकवायला तिला वेळ लागला नाही. पाटी तिने छातीशी धरली, बोळात जिथे कुणीच नव्हतं, तिकडे तोंड करून.

"मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला खोटा आकडा देणार नाही. तुम्ही घाई करा."

पाटीवर मागची ओळ रिकामी होती. मधल्या ओळीत लिहिलं होतं : पुढे ०.३.

आत फोटोसाठी सगळे एकदम ओरडले. मास्तर धावले. आक्काने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा कान दिला, आणि शेवटची पट्टी काढून तिच्या जागी चारची लावली.